शिवोलीत रात्री दहापर्यंत

बेळगावहून गोव्याला जायचं तर चोर्ल्याचा रस्ता, याबद्दल आमच्या मित्रांत वाद नाही. जांबोटी, कणकुंबी, मग घाट, खाली केरी, साखळी, डिचोली आणि म्हापसा. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे; पाच मिनिटं थांबावं. पावसाळ्यात या घाटात पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा धुक्यात दिसत नाहीत, तेव्हा अंधार पडायच्या आत खाली उतरलेलं बरं. आम्ही चौघे डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी निघालो आणि सातच्या सुमारास शिवोलीत पोचलो.

शिवोली म्हणजे शापोरा नदीकाठचं, बार्देशातलं गाव. रेमो फर्नांडिस यांचं गाव म्हणूनही लोक ते ओळखतात. नारळीच्या बागेत टेबलं मांडलेल्या एका जागी कव्हर बँड वाजवणार होता. कव्हर बँड म्हणजे स्वतःची गाणी न करता दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणारे. आमच्या घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे नक्कलच की!" मला हे पटत नाही. 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ साली आणि त्यातली पदं आजही गणेशोत्सवात कोणी ना कोणी गातोच. त्याला आपण नक्कल म्हणत नाही. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी तर 'मला उमजलेले बालगंधर्व' असा आख्खा कार्यक्रमच केला. उमजलेले, हा शब्द महत्त्वाचा. आणि पाचगणीच्या शाळेत शिकणाऱ्या फारुख बुलसारा नावाच्या पारशी मुलाने मित्रांबरोबर काढलेला 'द हेक्टिक्स' हाही दुसऱ्यांचीच गाणी वाजवणारा बँड होता. तो मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

बँडमध्ये चौघे होते. गिटारवाला पन्नाशीचा, गाणारी मुलगी पंचविशीची, बाकी दोघे मधले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे वादक-संयोजक हिंदी सिनेमाला मिळाले ते याच मातीतून. हे लोक किती सहज वाजवतात याचं आश्चर्य वाटतं, पण त्यामागे पिढ्यांचा रियाज आहे.

'स्मोक ऑन द वॉटर' सुरू झालं आणि बाग जागी झाली. हे गाणं खऱ्या आगीवर आहे. डिसेंबर १९७१मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावी डीप पर्पल रेकॉर्डिंगसाठी गेले होते. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर उडवला आणि इमारत जळाली. तळ्यावर पसरलेला तो धूर गाण्यात आला. गिटारच्या त्या सुरुवातीच्या सुरावटीत काही अवघड नाही, कॉलेजात ती प्रत्येक जण वाजवायचा. अवघड असतं ते मागचं ड्रम्सचं काम, असं आमचा मास्तर म्हणतो.

मास्तर म्हणजे आमच्यातला ड्रमर. शहापुरात विणकरांच्या घरी वाढला. घरात चार यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. आपल्याला ताल कोणी शिकवला नाही, धोट्याने शिकवला, असं तो सांगायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा बँड जो काही उभा राहायचा, तो त्याच्या जिवावर. बीई झाल्यावर आम्ही तिघे कॉम्प्युटरपुढे बसलो, तो वडिलांच्या मागांपुढे. त्या रात्री मात्र तो गप्पच होता. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या शेवटी दोन गिटारींची लांबलचक जुगलबंदी असते. इथे गिटार एकच, म्हणून दुसरीचं काम कीबोर्डवाल्याने उचललं. सगळी बाग गिटारवाल्याच्या बोटांकडे बघत होती आणि मास्तर ड्रमरच्या उजव्या पायाकडे.

दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम देशभर आहे. कुणीतरी "वन मोअर" ओरडलं, गिटारवाल्याने हसून घड्याळ दाखवलं. पर्यटक बिलं मागू लागले. मला विचाराल तर खरी मजा यानंतरच असते. वादक माणसात येतात, जेवतात, बोलतात.

मास्तर उठून स्टेजकडे गेला आणि काही न विचारता ड्रमरला सामान सोडवायला लागला. सिंबलवरचा नट फिरवून काढला, खालची फेल्टची चकती खिशात न टाकता परत दांड्यावर बसवली. ती हमखास हरवते. ड्रमरने ते पाहिलं. "तूं वाजयतालो मरे?" त्याने विचारलं. पुढचं बोलणं कोकणी-मराठी मिसळून झालं. लग्नाच्या सीझनमध्ये काम भरपूर, पावसाळ्यात जवळजवळ नाही, मग घरी मुलांना शिकवायचं, असं तो सांगत होता. आम्ही स्टँड घड्या करत ऐकत होतो.

"आनी तूं कितें करता?"

"माग होते," मास्तर म्हणाला. "दिवाळीनंतर विकले. भंगाराच्या भावात गेले. एक तारखेपासून पुण्याला नोकरी."

आम्हा तिघांना हे तेव्हाच कळलं. ड्रमरने मान हलवली, सांत्वनाचं काही बोलला नाही. किक ड्रमखालच्या सतरंजीचं एक टोक धरायला सांगितलं. दोघांनी ती झटकून गुंडाळली.

म्हापशाच्या वाटेवर एका गाड्यावर रोस ऑमलेट खाल्लं. गरम रश्श्यात ऑमलेट, वर कांदा, सोबत पाव. गोव्यात रात्री उशिरा भूक लागली तर दुसरं काही शोधू नये. पहिला पाव संपेपर्यंत कोणी बोललं नाही. मग मीच विचारलं, चारही विकले का.

"तीन," मास्तर म्हणाला. "एक आईने देऊ दिला नाही. रोज सकाळी बटण दाबून पाच मिनिटं रिकामाच चालवते. म्हणते, घर फार शांत वाटतं."