आल्प्सच्या वरून, आल्प्सच्या खालून

परदेशी सहल म्हटली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती टूर कंपनीची. एकदा पैसे भरले की काळजी मिटते आणि रात्री वरणभातही मिळतो. ज्यांना ते सोयीचं आहे त्यांनी जरूर तसं जावं. पण येत्या मे महिन्यात मी आणि माझी मुलगी दोघीच स्वित्झर्लंडला जाणार आहोत, रेल्वेनं फिरणार आहोत, आणि ही सहल आखायचं काम मी तिच्यावर सोपवलं आहे. ती आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आपण मुलांना सहलीला नेतो, पण सहल ठरवण्याचं सुख मात्र स्वतःकडेच ठेवून घेतो.

पहिला प्रश्न मार्गाचा होता. आम्हाला झुरिकहून इटलीतल्या मिलानलाही जायचं आहे, आणि तिथे रेल्वेनं दोन वाटांनी जाता येतं. एक वाट सरळ, जेमतेम सव्वातीन तासांची. तिच्यात गोटहार्डचा नवा बोगदा लागतो. 2016 साली सुरू झालेला हा 57 किलोमीटरचा बोगदा जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा आहे. दुसरी वाट लांबची. कूर गावापर्यंत मोठी गाडी, तिथून मीटरगेजची लाल गाडी बर्निना घाट चढून इटलीच्या तिरानो गावात उतरते, आणि तिरानोहून कोमो सरोवराच्या काठानं मिलान. या वाटेला अख्खा दिवस जातो. मुलीनं दोन्ही वाटांवर पेन्सिल फिरवली आणि म्हणाली, "आई, जाताना डोंगराच्या वरून जाऊ, येताना खालून येऊ." मी तोवर फक्त वेळ आणि पैसे मोजत होते. पर्वत दोन्ही अंगांनी अनुभवायचा, हे तिला सुचलं.

मग ती त्या लाल गाडीच्या मागेच लागली. बर्निनाचा मार्ग 1910 साली पुरा झाला, आणि 2008 मध्ये शेजारच्या आल्बुला मार्गासह तो जागतिक वारसा ठरला. या दोन्ही मार्गांवर मिळून 55 बोगदे आणि 196 पूल आहेत. पण तिचं लक्ष खिळलं ते चढावर. आम्ही पुण्याचे, त्यामुळे घाट म्हणजे काय हे तिला खंडाळ्यानं शिकवलेलं. कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी इंजिनं ती लहानपणापासून बघत आली आहे. 1863 साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गात चढ आहे 37 मीटरला एक मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 27 मीटर. बर्निनाला किलोमीटरमागे 70 मीटरपर्यंत चढ आहे, आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय, केवळ चाक आणि रूळ यांच्या पकडीवर. हा हिशेब तिनं वहीत मांडला आणि खाली दोन त्रिकोण काढले, एक खंडाळ्याचा, एक बर्निनाचा. शाळेत तिला गुणोत्तराचा कंटाळा येतो. इथे ते त्रिकोण तिनं पट्टी लावून, दोनदा खोडून, अचूक काढले.

नकाशा वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती आली. ओस्पिझिओ बर्निना हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, 2253 मीटरवर. रुळांच्या कडेला दोन तळी आहेत, एकमेकांच्या अगदी जवळ. लेय नायर तळ्याचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळतं आणि काळ्या समुद्राला जातं. लागो बियांको तळ्याचं पाणी इटलीच्या पो नदीतून एड्रियाटिक समुद्राला जातं. हे समजल्यावर आम्ही दोघींनी सह्याद्रीचा नकाशा काढला. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून जवळच राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास मात्र अरबी समुद्राला जाते. मुंबई-पुणे प्रवासात आपण किती सहज हा जलविभाजक ओलांडतो! आल्प्सच्या निमित्तानं माझ्या मुलीला तिचा स्वतःचा घाट नव्यानं दिसला. प्रवासाची आखणी एवढं देत असेल, तर तिला निव्वळ पूर्वतयारी म्हणणं अन्यायाचं होईल.

वेळापत्रक हा तर तिचा आवडीचा ग्रंथ झाला आहे. युरोपातली रेल्वे वेळापत्रकं डिसेंबरच्या मध्यात बदलतात, त्यामुळे मे महिन्याच्या गाड्या थंडीतच पाहता आल्या. स्वित्झर्लंडनं 1982 साली देशभर एक शिस्त लावून घेतली. बहुतेक मार्गांवर गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. मोठ्या स्टेशनांवर चारी दिशांच्या गाड्या तासाच्या थोडं आधी येतात आणि तासानंतर लगेच निघतात, म्हणजे गाडी बदलणाऱ्याला कुठेच ताटकळावं लागत नाही. त्यापुढची 'बान 2000' ही योजना 1987 साली लोकांनी सार्वमतानं मंजूर केली. तिचं सूत्र असं, की गाडी शक्य तेवढी वेगात नको, गरजेपुरती वेगात हवी. झुरिक ते बर्न हे अंतर तासाच्या आत आणलं ते याच साठी, पुढची गाडी गाठता यावी म्हणून. मुलीनं आपल्या वहीत प्रत्येक गाडीसमोर एक रकाना आखला आहे, 'चुकली तर?' आणि बहुतेक ठिकाणी उत्तर लिहिलं आहे, 'तासाभरानं पुढची.' अनोळखी देशात पाऊल टाकण्याआधी एखाद्या मुलीला एवढा भरवसा मिळतो, यापरतं सार्वजनिक व्यवस्थेचं मोठं यश कोणतं?

गाडीची निवडही तिनंच केली. बर्निना एक्स्प्रेसला छतापर्यंत काचा आहेत, पण आरक्षण लागतं, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि त्या काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही धावते. तिला आरक्षण लागत नाही आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. तिनं साधी गाडी निवडली, कारण मनात येईल तिथे उतरता येईल. उतरायचं ठिकाणही ठरलं आहे. आल्प ग्र्युम, 2091 मीटरवरचं स्टेशन. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही. समोर पालू हिमनदी दिसते. त्या जागी आम्ही एक गाडी जाऊ देणार आहोत, काहीही न करता.

कागदपत्रांचं काम रुक्ष असतं, पण त्यातही तिला मी बाजूला बसवलं. शेंगेन व्हिसा स्वित्झर्लंड आणि इटली दोन्हीकडे चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अल्पवयीन मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याची लेखी संमती हवी. तिच्या बाबानं स्टँपपेपरवर ती संमती लिहून नोटरी केली. तिनं विचारलं, "तू माझी आईच आहेस ना, मग बाबाची परवानगी कशाला?" मी तिला सांगितलं, की कोणी एक पालक मुलाला परस्पर परदेशी घेऊन जाऊ नये म्हणून हा नियम आहे. त्यावर तिनं तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. आपल्यावर आपल्या दोन्ही पालकांचा हक्क आहे आणि आपल्या सुरक्षिततेची काळजी कायदाही घेतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

खर्चाचं सांगायचं तर, पालकाकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोळा वर्षांखालचं मूल फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करतं. पिण्याचं पाणी गावोगावच्या कारंज्यांवर मिळतं. दशम्या आणि चटणी बरोबर असणारच. बाकी बचत एकच, ठिकाणं कमी ठेवायची.

मुलं आपल्याबरोबर प्रवासाला यायला तयार असतात ती वर्षं थोडी असतात. त्या वर्षांत आपण त्यांना जमेल तेवढं जग दाखवायची घाई करतो, आणि त्यांच्या वाट्याला येतं ते आपल्या मागे मागे चालणं. खरं तर मुलाला कोणती गाडी हवी, कुठे उतरावंसं वाटतं, कशाची भीती वाटते, हे विचारलं की ते मूल आपल्याला नव्यानं कळतं. माझी मुलगी मला या महिन्यांत जेवढी कळली तेवढी एरवी कळली नसती.

म्हणून या सुट्टीत आल्प्सला जा, नाहीतर माथेरानला जा. तिकिटं काढण्याआधी नकाशा आणि वेळापत्रक मुलांसमोर ठेवा, आणि निदान एक दिवस तरी सर्वस्वी त्यांनी ठरवलेला असू द्या.