आज बसायचंय, गोळी नको!

महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कशासाठी मिळतो, माहितीये? आरोग्य जपण्यासाठी! १९४९च्या दारूबंदी कायद्याखालच्या परवान्याची भाषाच तशी आहे. धारूरच्या काकांना हे सांगितलं तर ते एवढे खूश झाले, की विचारू नका.

काकांना दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला. तेव्हापासून रोज रात्री अॅटोरव्हास्टॅटिन. यंदा जानेवारीत हुरड्याला गेले, तर काकूनं गोळ्यांचा डबाच पुढ्यात ठेवला. महिना संपलेला अन् नऊ गोळ्या शिल्लक! ‘बसायचं असलं की गोळी घेतच नाहीत बघ,’ काकू म्हणाली. काकांचं लॉजिक तयार, ‘दोन्ही एका टायमाला नको. लिव्हरवर लोड येतो.’

पुण्यात आमच्या ऑफिसातला पस्तिशीचा टीम लीडही फ्रायडे नाइटला हेच करतो. मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळीवर दारू नको, हे खरंच. पण तो नियम सरसकट सगळ्या गोळ्यांना कुणी लावला?

स्टॅटिनचं काम रोजचं. यकृत ज्या एन्झाइमच्या मदतीनं कोलेस्टेरॉल बनवतं, त्यालाच ती अडवते. मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. अॅटोरव्हास्टॅटिन रक्तात निम्मी व्हायला साधारण १४ तास लागतात. म्हणजे कालची गोळी आजच्या पेगच्या वेळी अंगात असतेच की! आजची चुकवून दोघांची गाठ टळत नाही. हृदयाचं संरक्षण तेवढं कमी होतं.

मग पिणं चालतं का? लिव्हर धडधाकट असेल, तर थोडीफार घेणाऱ्याची गोळी डॉक्टर सहसा बंद करत नाहीत. स्टॅटिननं यकृताला गंभीर इजा होणं विरळाच. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएनं २०१२मध्ये ठरावीक काळानं लिव्हर तपासत राहण्याची अट काढून टाकली. भरपूर पिणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याचं यकृत आधीच थकलेलं असू शकतं, ट्रायग्लिसराइड्स चढतात, स्नायूंच्या दुखण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे किती पिता, हे डॉक्टरांना खरं सांगावंच लागतं.

तिथंच तर घोडं अडतं. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

‘ड्रिंक्स?’

‘कधीमधी,’ काका छताकडे बघत म्हणाले.

‘आठवड्याला दोनदा, साहेब,’ मागून काकू. ‘उरलेल्या गोळ्या मोजल्यात मी.’

डॉक्टरांनी गोळी रोजच घ्यायला सांगितली आणि चिठ्ठीवर एसजीपीटी, लिपिड प्रोफाइल लिहून दिलं. डबा आता काकूच्या ताब्यात आहे.