अकोल्याहून नाशिकला बिऱ्हाड हलवताना

अकोले म्हटले की निम्मे लोक विदर्भातील अकोला समजतात. बँकेत असताना आमच्या शाखेचे टपाल तिकडे फेरफटका मारून आल्याचे मी अनुभवले आहे. हे अकोले सह्याद्रीच्या पायथ्याचे, प्रवरेकाठचे. जिल्हा अहिल्यानगर, पण पिनकोड ४२२६०१, म्हणजे नाशिकच्याच घराण्यातला. जिल्ह्याचे ठिकाण दूर आणि नाशिक त्या मानाने जवळ असल्यामुळे शिक्षण, औषधोपचार, मुलांची नोकरी अशा निमित्तांनी येथील व्यापारी कुटुंबे नाशिककडे सरकत आली आहेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही उभयताही मुलाजवळ राहावयास गेलो. तत्पूर्वी नोकरीच्या शेवटच्या वर्षी, २०१९ मध्ये, मी दुसऱ्या एका कुटुंबास तेथे जाण्याचा सल्ला दिला होता. त्या सल्ल्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

ते गृहस्थ कापडाचे व्यापारी, तीन पिढ्यांचे दुकान. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ. घाटघर, रतनवाडीकडे आषाढात पाऊस कोसळत असतो, तेव्हा अकोल्याच्या पेठेत अनेकदा स्वच्छ ऊन असते. तिकडचा शेतकरी भात, नागली, वरई पिकवतो. पावसाळ्यात त्याच्या हाती पैसा नसतो. भात झोडून विकला की दिवाळीनंतर तो दुकानात येतो, जुने खाते मिटवतो आणि लग्नसराईचा नवा बस्ता बांधतो. या गृहस्थांच्या वहीत अशी दीडशेच्या वर खाती होती. कोणाच्या घरी या वर्षी लग्न आहे, कोणाचा बैल गेला, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असे.

मुलीला बारावीनंतर नाशिकला शिकवायचे होते आणि दोन बिऱ्हाडांचा खर्च परवडेना. त्यांनी मला विचारले. मी कागदावर आकडे मांडले : दुकान विकून येणारी रक्कम, तिचे व्याज, नाशिकचे भाडे, संभाव्य विक्री. म्हणालो, "शेठजी, एकदाच काय ते हलवा. दोन डगरींवर पाय नको." त्यांनी ऐकले. दुकान विकले, नाशिकच्या एका उपनगरात गाळा भाड्याने घेतला. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली.

टाळेबंदी माझ्या हिशेबात असण्याचे कारण नव्हते. परंतु वहीतील उधारी मी 'येणे' म्हणून धरली होती, ती चूक माझी. येणे कागदावर असते. वसूल होते ते ओट्यावर. ओटा दुसऱ्याचा झाल्यावर ग्राहकाने पैसे आणून द्यावेत कोठे? ग्राहक लबाड नव्हते, दुकानच जागेवर नव्हते. इकडे नव्या गाळ्यावर सुरतेच्या आडत्यानेही मालाची मुदत निम्मी केली. माणूस तोच, पण त्याच्या लेखी दुकान नवे होते. बँकेत छत्तीस वर्षे मी इतरांची पत तोलली. ती गावाच्या मातीत किती रुजलेली असते, हे मात्र निवृत्त झाल्यावर समजले.

म्हणून ज्यांचे स्थलांतर ठरत आले आहे त्यांना माझे सांगणे असे की, जुने दुकान निदान दोन दिवाळ्या तरी सोडू नये. भावाकडे, भाच्याकडे, विश्वासू मुनिमाकडे द्यावे, आठवड्यातून एकदा फेरी मारावी. बँकेतील जुने खाते बंद करून नव्या शहरात नवे उघडणे हाही अविचारच. खाते त्याच बँकेच्या नव्या शाखेत वर्ग करून घ्यावे. क्रमांक तोच राहतो आणि कॅश क्रेडिट मागताना मागील उलाढाल समोर असते. जीएसटीमध्ये मुख्य ठिकाणाचा पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांच्या आत दुरुस्ती दाखल करावी लागते. राज्य तेच असल्यास नवीन नोंदणीची गरज नसते. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, येथे घरमालकाच्या गोड बोलण्यावर जाऊ नये.

नाशिकविषयी तक्रार करावी असे फारसे नाही. २०११ च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या पुढे होती, तरी रविवार कारंजा, दहीपूल या भागांत अजून पेठेचा गंध आहे. म्हसरूळची गजपंथ टेकडी जवळ, विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ महामार्गावर. दवाखान्यांसाठी अकोल्याहून संगमनेर गाठावे लागे, तो प्रश्न संपला. पण घर घेताना आमची एक चूक झाली. मुलाने हवा, उजेड पाहून सातवा मजला घेतला. साधू-साध्वी उद्वाहनाचा वापर करीत नाहीत. फाटकावरचा रखवालदार त्यांना ओळखत नाही. अकोल्यात चातुर्मास असला की गोचरीचा लाभ सहज मिळत असे. येथे पहिल्या चातुर्मासात कोणीही महाराज आमच्या दारी आले नाहीत. सौभाग्यवतींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण पर्युषणात त्या रोज दुपारी जिन्याकडचे दार उघडे ठेवून बसत. शक्य असल्यास पहिला किंवा दुसरा मजला पाहावा आणि स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर असावे. चौविहाराचेही तसेच आहे. मुलगा सूर्यास्तानंतर दोन तासांनी घरी येतो; एकत्र जेवण रविवारीच घडते. सुनेने त्याचा डबा दुपारी पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा थोडे जुळले.

आणखी एक किरकोळ गोष्ट. अकोल्यात मला सगळे 'साहेब' म्हणत. नाशिकच्या सोसायटीत मी 'सातशे तीनचे काका' झालो. प्रथम खटकले, आता बरे वाटते.

त्या कापड व्यापाऱ्यांचे दुकान आता उभे राहिले आहे; मुलगी पदवीधर झाली. माझ्या सल्ल्याचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही आणि मीही विषय काढू शकलो नाही. गेल्या मार्गशीर्षात काही कामासाठी अकोल्यास गेलो असता बसस्थानकावर राजूरकडील एक वृद्ध बाई भेटल्या. "साहेब, आमचे शेठ नाशकात तुमच्याकडंच असत्यात ना?" असे विचारून त्यांनी पदराची गाठ सोडली. जुन्या खात्यातील साडेआठशे रुपये होते. सोबत आपल्या शेतातील तांदळाची लहान पिशवी. पैसे मी त्याच संध्याकाळी पोहोचवले. शेठजींनी जुनी वही काढली, चष्मा लावला आणि त्या बाईंचे पान शोधू लागले.