क्लबहाउसचं सॉकेट

सॅन होजेजवळच्या आमच्या सोसायटीत पानं उडवणारे पेट्रोलचे लीफ ब्लोअर बंद करा, हा हट्ट माझा होता. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून नव्याने बनणारी ब्लोअर, ट्रिमरसारखी यंत्रं धूर न सोडणारीच हवीत, असा नियम आला. जुनं यंत्र वापरायला त्यात मनाई नव्हती. मला ती पळवाट वाटली. समितीवर असल्याने माळीकामाच्या कंत्राटात ‘फक्त बॅटरीवरची यंत्रं’ ही अट मीच घालायला लावली. दर मात्र जुनाच ठेवला.

धुराबद्दल माझं मत आजही तेच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-तेलाचं मिश्रण बरंचसं न जळताच बाहेर पडतं. राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाच्या हिशेबाने असा मोठा ब्लोअर तासभर चालवला, तर त्यातून धुरकं वाढवणारं जेवढं प्रदूषण होतं तेवढं मोटार सुमारे १,१०० मैल चालवून होतं. आणि हा धूर सर्वांत आधी ब्लोअर पाठीवर घेतलेल्या माणसाच्याच छातीत जातो. हे सगळं मी सभेत घडाघडा सांगितलं. त्या माणसाला सभेला बोलवावं, हे काही सुचलं नाही.

आमचे माळी साठीकडे झुकलेले, मूळचे मेक्सिकोचे. त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. “बाई, टाकी मिनिटभरात भरते. बॅटरी पूर्ण जोरावर तासभरही टिकत नाही. दिवसभराच्या कामाला किती बॅटऱ्या घेऊ?” पाठीवर घ्यायच्या एकेका बॅटरीची किंमत हजार डॉलरच्या घरात. सरकारने ३ कोटी डॉलर बाजूला ठेवलेत, अर्ज करा, असं मी सांगून मोकळी झाले. राज्यभरच्या माळ्यांत ते किती जणांना पुरतील, याचा विचारही केला नाही.

मग त्यांनी जेवणाच्या सुट्टीत क्लबहाउसबाहेरच्या सॉकेटवर बॅटऱ्या लावू द्या, अशी विनंती केली. सभेत कुणीतरी विजेच्या बिलाचा प्रश्न काढला. “कंत्राटात तसं नाही,” हे उत्तर मी दिलं. ते शब्द मला अजून टोचतात.

पानगळीत आवाजाची तक्रार आली म्हणून मी मागच्या फाटकापाशी गेले. त्यांच्या ट्रकमध्ये पेट्रोलचा जनरेटर धडधडत होता, शेजारी पेट्रोलचा लाल डबा. जनरेटरला चार चार्जर जोडलेले, त्यावर बॅटऱ्या. माझ्या अटीचं अक्षरशः पालन झालं होतं आणि धूर होता तिथेच होता. खर्च भागेना म्हणून एक मदतनीस कमी केल्याचंही तेव्हाच कळलं.

नंतर वाचनात आलं, की लॉस एंजेलिसमध्ये १९९८ साली अशाच बंदीविरुद्ध लॅटिनो माळी सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले होते. उपोषणांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी; पण इतकी वर्षं इथे राहून मला याचा पत्ता नव्हता.

पुढचं कंत्राट त्यांना समोर बसवून लिहिलं. सॉकेट खुलं केलं, दर वाढवला, दोन बॅटऱ्या सोसायटीने घेतल्या. ओली पानं बॅटरीच्या ब्लोअरला जड जातात, म्हणून पावसानंतर एक दिवस थांबायचं, हे कलम त्यांनीच सुचवलं. दर वाढवायला समितीत विरोध झाला, तेव्हा या वेळी मी भांडले. कमी केलेला तो मुलगा मात्र परतला नाही. आता तो दुसऱ्या टोळीबरोबर पेट्रोलचाच ब्लोअर चालवतो.