आमच्याच डोंगरामागे

पाडव्याचा सगळा कार्यक्रम कसा खालून वर जाण्याचा असतो! काठी वर, काठीवर खण वर, खणावर तांब्या पालथा. आणि सूर्यास्ताला ती गुढी आपणच आपल्या हातांनी उतरवून घ्यायची, की सण संपला. वरून काही खाली यावे अशी सोय पंचांगात केलेली नाही. पण २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला आमची गुढी उतरून दीडएक तास झाला नसेल, तोच आकाशाने आपलीही एक उतरवली.

आम्ही सहकुटुंब तेव्हा आत्याकडे होतो. गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध हे नाव मारुती चितमपल्लींच्या लिखाणामुळे पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. वनाधिकारी म्हणून त्यांचा तिथे बराच काळ मुक्काम होता. तलाव जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे सांगतात. भोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात. बांध घालायला या बहिणींनीच हात लावला, अशी लोकांची श्रद्धा. खुद्द कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला. (सरकारी पाटबंधारे खात्यात अशी बढती कुणाला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.) पाण्यात मालडोंगरी नावाचे बेट आहे, आणि पाण्याभोवती जंगल इतके दाट की गावालाही बेटच म्हणावे. आत्याचे यजमान तिथे मास्तर होते. ते गेल्यावरही ती नागपूरला आली नाही. गावात तिला अजून ‘मास्तरीणबाई’ म्हणतात आणि लग्नाच्या मुहूर्तापासून रेशनकार्डापर्यंत सगळे तिला विचारतात.

पावणेआठचा सुमार होता. अमावास्या नुकतीच सरलेली, तेव्हा चंद्राचा प्रश्नच नव्हता. जेवणे व्हायची होती म्हणून मी मुलांना घेऊन बांधावर गेलो होतो. पाण्याकाठी एक म्हातारा ढिवर जाळे आवरीत बसला होता. इतक्यात मुलगी म्हणाली, “बाबा, विमान जळतेय!”

पश्चिमेकडून उजेडाचे ठिपके येत होते. पुढे एक मोठा, तांबूसपिवळा. त्याच्या मागे लहान लहान. प्रत्येकाला आपापले शेपूट. मुलीने नऊ मोजले, मुलाने बारा. त्यावर त्यांचे भांडण अजून मिटलेले नाही. आवाज काहीही नाही. आमच्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे ते सगळे रांगेने, कुणाची घाई नसल्यासारखे सरकत गेले. मिनिटभर तरी गेले असेल. मग एकेक विझत डोंगरापलीकडे दिसेनासे झाले. पाण्यातही तेवढाच वेळ एक रांग उलटी चालत होती.

मी म्हटले, “उल्का असावी.”

म्हातारा म्हणाला, “नाही जी. तारा तुटते तं डोळा लवतवरी जाते. हे तं वरातीवानी चाललं.”

हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे टिपून ठेवले, कारण पुढे जे जे वाचले त्यात याहून नेमके काही सापडले नाही. उल्का वातावरणात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला निदान ११ किलोमीटर असतो, आणि ७० पर्यंतही जाऊ शकतो. ती बहुधा क्षणात संपते. पृथ्वीभोवती फिरणारी माणसाने केलेली वस्तू खाली येते ती सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटरने, तीही जवळजवळ आडवी. म्हणून ती तुटत, विखरत, सावकाश जाताना दिसते. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसाने वेगावरून अचूक निदान केले होते. मात्र पुढच्याच श्वासाला तो म्हणाला, “मालडोंगरीच्या मांगंच पडलं पाहा!”

घरी येतो तो मोबाइल वाजतच होता. अमरावतीचे साडू सांगत होते, गावाबाहेरच्या शेतात काही पडले. नागपूरचे शेजारी शपथेवर सांगत होते, अंबाझरीच्या पलीकडे. जो तो आपल्याच डोंगरामागे! यात खोटे कुणीच बोलत नव्हते. अंधाऱ्या आकाशात डोळ्याला अंतर मोजायला खूण नसते. सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू शेकडो किलोमीटरवरून दिसते, आणि ती क्षितिजाखाली गेली की डोळा म्हणतो, पडली! बघणे खरे असते. फसतो तो फक्त हिशेब.

पण आत्याच्या ओसरीवर त्या रात्री निराळाच हिशेब चालला होता. एप्रिलचा आरंभ म्हणजे मोहाचे दिवस. मोहफूल पहाटे गळते. गुरे, हरणे आणि अस्वले पोचण्याच्या आत ते वेचावे लागते. म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. अंगणात वाळवून विकलेल्या त्या फुलांवर कित्येक घरांचे मीठमिरची आणि मुलांची वह्या-पुस्तके चालतात. हंगाम काही आठवड्यांचा; गेलेली पहाट परत येत नाही. आणि आता जंगलात ‘काहीतरी पडले’ होते. कुणी म्हणे बाँब, कुणी म्हणे वेताळाची पालखी. एकीचा मुलगा मोबाइलवर पाहून आला होता की परग्रहावरचे लोक उतरले. पाचसहा जणी दाराशी उभ्या राहिल्या.

“मास्तरीणबाई, पाहाटं मोहाले जाचं का नाही जी?”

आत्याने माझ्याकडे पाहिले. “सांग रे. तू शिकलेला.”

पेपरात अशा प्रकाशांवर कुतूहलाचे लेख पुष्कळ येतात. गूढ उकलले, नाही उकलले, यावर वाचणारे खूश असतात. ओसरीवर मात्र ‘गूढ’ या शब्दाला काही किंमत नव्हती. जावे की नाही, एवढेच विचारले जात होते. आणि तेही अशा बायांकडून, ज्या अस्वलाला घाबरून घरी बसत नाहीत.

दहाच्या सुमारास बातम्या येऊ लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक धातूची कडी पडली होती. कडी म्हणजे दाराची नव्हे! तिचा व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या घरात. गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती, आणि वस्तीतल्या मोकळ्या जागेवर ती येऊन आदळली. लोक घरांत पळाले. इजा कुणालाही झाली नाही. नंतर जवळच पवनपारला एक धातूचा गोळाही मिळाला. रॉकेटात दाबाखाली वायू साठवायला असल्या गोल टाक्या असतात आणि त्या जळण्याला दाद देत नाहीत. तेव्हा अमेरिकेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तर त्याच रात्री सांगून टाकले की, हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३ ब’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. तो याच सुमारास खाली येणार होता आणि त्याची वाटही जुळत होती. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे पाहून गेले.

म्हणजे चौदा महिने ती वस्तू वर फिरत होती. उपग्रह सोडून झाला, काम संपले, आणि टप्पा लांबोळक्या कक्षेत तसाच राहिला. दर फेरीला विरळ हवेत थोडा घासला जाऊन वेग गमावत गेला. तो कुठे उतरावा हे कुणी ठरवलेले नव्हते, आणि नेमके सांगणेही कुणाला शक्य नव्हते. कारण वेळेत एका मिनिटाची चूक म्हणजे जागेत साडेचारशे किलोमीटरची. दहा सेकंद म्हणजे पाऊणशे किलोमीटर. आमच्या बांधापासून लाडबोरी सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर आहे.

मी बायांना सांगितले, पडायचे ते पडून झाले; ते इथे नाही, चंद्रपूरकडे आहे; जा. आत्याने तेच तिच्या शब्दांत सांगितले आणि वर म्हणाली, “मी येते तुमच्याबरोबर.” सत्तरी उलटलेली बाई! मग मलाही जावे लागले. पहाटे मोहाखाली उभा राहून मी बॅटरी धरली. फुले पानांवर टप् टप् पडत होती, आणि दर आवाजाला कुणीतरी वर बघत होते. तरी रोजच्या मानाने निम्म्याच टोपल्या आल्या होत्या. बाकीच्या घरीच राहिल्या, दुसऱ्या दिवशीही.

वडीलधाऱ्या वाचकांना १९७९ चे स्कायलॅब आठवत असेल. त्या जुलैत आपल्याकडे काय घबराट उडाली होती! शेवटी ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, आणि तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला. तो विनोद होता. पण १९७८ च्या जानेवारीत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह अणुभट्टीसकट उत्तर कॅनडात पडला, तेव्हा विनोद नव्हता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये, ज्या देशाची वस्तू पडली त्याने नुकसान भरून द्यायचे असते. कॅनडाने मागणी केली. १९८१ मध्ये रशियाने तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले. करार चांगला आहे. माणूस मेला, जखमी झाला, घर मोडले, तर त्यात तरतूद आहे. दोन पहाटांच्या मोहफुलांचे कलम मात्र त्यात कुठे बसते ते मला कुणी दाखवावे.

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही पुन्हा नवेगावला गेलो. ढिवर म्हातारा बांधावर भेटला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली: चीनचे रॉकेट, लाडबोरीची कडी, आणि त्याचे वरातीचे निदान कसे बरोबर निघाले ते. वरातीची गोष्ट ऐकून त्याला फारसे काही वाटले नाही. ते त्याला आधीच माहीत होते.

“आन् वर आनखी किती हायेत जी तसले?”

“रॉकेटांचेच नुसते दोनएक हजार,” मी म्हणालो.

त्याने एकदा वर पाहिले, तंबाखू मळून तोंडात टाकली, आणि होडी पाण्यात लोटली.