नांव आणि छाप

मराठी भाषेंत नांवाचे व्यवहार मोठे नाजूक आहेत. बारशाला नांव ठेवतात तें कौतुकानें. पण शेजारीपाजारी नांवें ठेवूं लागले, कीं जीव नकोसा होतो. नववधू उखाण्यांत नांव घेते, कर्ता मुलगा घराण्याचें नांव काढतो, आणि एखादा कुलदीपक तेंच नांव चार दिवसांत घालवितो. या साऱ्या वाक्प्रचारांत एक गोष्ट समान आहे. नांव माझें असलें, तरी तें राहतें दुसऱ्याच्या तोंडीं. मालकी माझी, वहिवाट लोकांची!

अलीकडे या जुन्याच व्यवहारास ‘पर्सनल ब्रँड’ असें नवें नांव मिळालें आहे. ‘ब्रँड’ या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ तापल्या लोखंडानें दिलेला डाग असा आहे. जनावर कोणाचें हें कळावें म्हणून तो देत. पुढें तो मालाच्या खोक्यांवर आला. आणि १९९७ सालीं टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकानें ‘फास्ट कंपनी’ मासिकांतील एका गाजलेल्या लेखांत, प्रत्येकानें स्वतःसच एक ब्रँड समजावें, असा उपदेश केला. गुरांवरचा डाग खोक्यावर आणि खोक्यावरचा माणसावर! हा प्रवास ऐकून आमच्या पिढीच्या माणसाच्या कपाळाला आंठी पडणें साहजिक आहे. तथापि गेलीं कांहीं वर्षें हा व्यवहार माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीपलीकडेच चालला असल्यामुळें, दुरून नाक मुरडण्याची सोय मला उरलेली नाहीं.

माझी धाकटी सून दर गुरुवारीं रात्रीं नऊ वाजतां मोडी लिपि शिकविते. शिष्य समोर नसतात. समोर असतो तो टेबलावर उलटा टांगलेला कॅमेरा. ती लिहिते तें त्याच वेळीं यूट्यूबवर उमटतें, पाहणारे आपल्या शंका लिहून पाठवितात, आणि ती तेथल्या तेथें उत्तरें देते. यालाच थेट प्रक्षेपण, किंवा मुलांच्या भाषेंत ‘लाइव्ह’, म्हणतात.

या प्रकाराचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. २००७ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत जस्टिन कान नांवाच्या तरुणानें टोपीला कॅमेरा बांधला आणि आपलें अहोरात्र आयुष्य जगापुढें मांडण्यास आरंभ केला. लौकरच तें संकेतस्थळ इतरांनाही प्रक्षेपणासाठीं खुलें झालें. त्यांत संगणकावरील खेळ खेळून दाखविणाऱ्यांचा भाग इतका वाढला, कीं २०११ सालीं त्याची ‘ट्विच’ ही वेगळी शाखा झाली; आणि २०१४ सालीं ती शाखा ॲमेझॉन कंपनीनें सुमारें ९७ कोटी डॉलर्सना विकत घेतली. मूळचें ‘जस्टिन टीव्ही’ त्याच वर्षीं बंद झालें. एका माणसाचें जेवणखाण आणि झोप पाहण्यापेक्षां, ज्याला कांहीं करतां येतें त्याचें तें करणें पाहण्यांत लोकांना अधिक रस असतो, हें तात्पर्य मला यांतून दिसतें. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालें, २०२० च्या टाळेबंदींत कीर्तनांपासून शाळेपर्यंत सारेंच पडद्यावर आलें, आणि घरोघरीं ही संवय रुजली.

सूनबाईंनीं २०२१ सालीं आरंभ केला, तेव्हां पहिला प्रश्न निघाला तो नांवाचाच. चॅनेल कोणत्या नांवानें काढावें? माहेरच्या नांवानें तिचें शिक्षण झालेलें. सासरच्या नांवानें ती आतां ओळखली जाते. आमच्या थोरल्या वहिनींना हा सारा उद्योगच रुचला नव्हता. जेवतांना त्या मला म्हणाल्या, “भावोजी, नांव दारावरच्या पाटीवर आहे तोंवर तें घराचें. एकदां चव्हाट्यावर गेलें, कीं येणाऱ्याजाणाऱ्याचें.”

सून म्हणाली, “काकू, मी पाटी नेत नाहीं. फक्त माझा हात दाखवणार आहे.”

आणि तिनें शब्द पाळला. दोन्हीं आडनांवें तिनें बाजूस ठेवलीं आणि केवळ स्वतःचें नांव घेतलें. पडद्यावर दिसतो तो कागद, लेखणी आणि मनगटापर्यंत हात. वहिनींनीं आणखी तीन अटी घातल्या: नातवंडें दिसावयाचीं नाहींत, देवघर दिसावयाचें नाहीं, आणि घरांतील कोणाचें बोलणें बाहेर जावयाचें नाहीं. त्या वेळीं मुलांना त्या अटी जाचक वाटल्या. मला विचाराल, तर त्या चॅनेलची बैठक तेथेंच पक्की झाली. काय विकावयाचें नाहीं, हें आधीं ठरलें होतें.

पहिले कांहीं महिने मात्र करुण होते. पाहणारे तीन: नाशिकची विहीणबाई, तिची एक मैत्रीण, आणि भिंतीपलीकडे मी! समोर कोणी नाहीं, मान डोलत नाहीं, हुंकार नाहीं, आणि तरीही दीड तास उत्साहानें बोलावयाचें. कीर्तनकाराला चार म्हाताऱ्या तरी समोर दिसतात. हिला एक आंकडा दिसे, आणि तोही खालीं येई.

आंकड्यांचें गणित मीं एकदां कागदावर मांडून पाहिलें. यूट्यूबनें २०१८ सालीं असा नियम केला, कीं जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा हवा असल्यास चॅनेलला १००० वर्गणीदार हवेत, आणि मागील १२ महिन्यांत लोकांनीं एकूण ४००० तास तें पाहिलेलें असावें. (या वर्गणीला पैसे पडत नाहींत, हें वडील वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे.) आठवड्यास दीड तास, म्हणजे वर्षास ७८ तास. केवळ थेट बैठकींवर ४००० तास भरावयाचे, तर दर गुरुवारीं बावन्न माणसें शेवटपर्यंत बसलीं पाहिजेत. बावन्न हा आंकडा लहान दिसतो. परंतु आपल्या घरच्या सत्यनारायणाला आरतीपर्यंत किती माणसें बसतात, तें आठवावें!

हीं माणसें आलीं तीं कोणत्याही युक्तीनें आलीं नाहींत. वेळ कधीं चुकली नाहीं. चित्रापेक्षां आवाज स्वच्छ हवा, हें तिनें ओळखलें आणि आधीं ध्वनिग्राहक घेतला. विचारणाऱ्यास नांवानें उत्तर दिलें. झालेल्या बैठकीचे लहान तुकडे करून, एकेका अक्षराचा एकेक धडा, ते मागाहून पाहणाऱ्यांसाठीं ठेवले. आणि मुख्य म्हणजे विषय स्वतःच खिळवून ठेवणारा होता. मोडी लिहितांना आधीं ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरें टांगीत जातात. लेखणी शक्यतों उचलीत नाहींत. शब्द तोडलेले नाहींत, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाहीं. त्यामुळें वाचणाऱ्याला पुढचामागचा संदर्भ जुळवीत, चांचपडत जावें लागतें. विसाव्या शतकाच्या मध्यास ही लिपि रोजच्या व्यवहारांतून मागें पडली, आणि आजोबांचीं पत्रें नातवांना परकीं झालीं. तीं पत्रें डोळ्यांदेखत उलगडूं लागलीं, कीं मनुष्य जागचा हालत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ‘पर्सनल’ ब्रँड म्हणतात खरें, पण तो एकट्याचा कधींच नसतो. गुरुवारचा वरणभात माझा मुलगा लावतो आणि कुकरची शेवटची शिट्टी पावणेनवाच्या आंत होते. नातवंडें पायांचा आवाज न करतां निजावयास जातात. नांव एकीचें होतें. मौन सातजण पाळतात.

खरी परीक्षा झाली ती पुढें. एका गृहस्थांनीं आपल्या घराण्याच्या जुन्या वांटणीपत्राचें छायाचित्र, नांवें झांकून, पाठविलें होतें. त्या रात्रीं नेहमींच्या चौपट मंडळी जमली. अर्धा तास वाचन रंगांत आलें, आणि मग चतुःसीमेच्या ओळींत एका शब्दावर पाण्याचा डाग आला. एका वाचनानें विहीर एकाच शाखेकडे जात होती. दुसऱ्या वाचनानें ती सामाईक राहत होती. आणि दोन्हीं शाखांची माणसें त्या वेळीं पाहत होतीं, हें त्यांच्या लिहिण्यावरून उघड झालें. तर्ककुतर्कांचा पाऊस पडूं लागला. यूट्यूबवर २०१७ पासून अशी सोय आहे, कीं पैसे भरल्यास आपला मजकूर ठळकपणें वर दिसतो. तशा रंगीत चौकटींतून ‘एकदांचें सांगून टाका’ असे आग्रह येऊं लागले. भिंतीपलीकडे बसून मी हें सारें पाहत होतों, आणि माझेच हात गार पडले होते.

ती क्षणभर थांबली. मग शांतपणें म्हणाली, “हा शब्द मला लागत नाहीं. लागत नाहीं तो मी वाचणार नाहीं. मूळ कागद घेऊन जाणकारांना दाखवा.” त्या गृहस्थांनीं लिहिलें, “मग तुम्ही शिकवितां तरी काय?” ती म्हणाली, “हेंच.” आणि पुढची ओळ घेतली.

पुढच्या दोन गुरुवारीं मंडळी रोडावली. माझा पुतण्या या विद्येंत वाकबगार आहे. त्यानें सल्ला दिला, कीं बैठकीला ‘पेशव्यांचा गुप्त खजिना’ असें कांहीं शीर्षक द्यावें, चेहरा दाखवावा, वादाचे कागद आवर्जून घ्यावे. आंकडा दामदुप्पट होईल. त्याचा सल्ला त्या धंद्याच्या दृष्टीनें खोटा नव्हता. तिनें तो ऐकून घेतला आणि मानला नाहीं. परंतु हळूहळू कागद पाठविणारे स्वतःच लिहूं लागले, ‘लागेल तेवढेंच सांगा.’ अमुक बाई न लागलेलें लागलें म्हणून सांगत नाहींत, ही तिची छाप पडली. ती कोणत्याही योजनेनें पडली नसती.

छाप एका वाक्यानें पडते, तशी पुसलीही जाते. चीनमध्यें ली ज्याची नांवाचा विक्रेता थेट प्रक्षेपणांतून ओष्ठरंजनें विकून कीर्तीच्या शिखरावर पोंचला होता. सप्टेंबर २०२३ मध्यें ७९ युआनची भुवयांची पेन्सिल महाग झाली, अशी एका प्रेक्षकानें तक्रार केली. त्यानें फटकन् विचारलें, कीं इतक्या वर्षांत तुमचा पगार कां वाढला नाहीं, कष्ट केले कां? ज्या सामान्य लोकांच्या जिवावर तो मोठा झाला, त्यांनाच तें लागलें. त्यानें रडून क्षमा मागितली, तरी लाखों अनुयायी त्याला सोडून गेले. छापील लेखाला मुद्रितें तपासण्याची संधि असते. थेट बोलण्याला ती नाहीं. तेथें स्वभावच बाहेर पडतो. म्हणून ज्यांना हा मार्ग धरावयाचा आहे, त्यांनीं आधीं कॅमेरा तपासावा हें ठीक. पण आपण काय बोलणार नाहीं याची यादी त्याहून आधीं करावी.

शिवाय ही जागा भाड्याची आहे, हेंही विसरूं नये. नियम मालकाचे, आणि ते त्याच्या सोयीनें बदलतात. जस्टिन टीव्हीवर ज्यांनीं वर्षानुवर्षें मेळा जमविला होता, त्यांना २०१४ सालीं बिऱ्हाड हलवावेंच लागलें. सूनबाईंचें चॅनेल उद्यां बंद पडलें, तर काय उरेल? माझ्या मतें, आपापल्या घरचीं पत्रें आपण वाचूं लागलेलीं तीं थोडीं माणसें उरतील. त्यांच्या तोंडीं तिचें नांव राहील, आणि त्याला कोणाचें भाडें लागणार नाहीं.

गेल्या चातुर्मासांत एका दुपारीं थोरल्या वहिनी आपल्या माहेरची एक जुनी पेटी घेऊन सुनेच्या खोलींत गेल्या. आंत त्यांच्या आजोबांनीं आजीला लिहिलेलीं मोडी पत्रें होतीं. जातांना त्यांनीं विचारलें, “तें तुझें यंत्र बंद आहे ना?” सुनेनें कॅमेऱ्याची तार काढून त्यांच्या हातीं दिली. मग दार लागलें. पत्रांत काय होतें, तें आम्हां कोणालाच अद्याप ठाऊक नाहीं, आणि कोणीं विचारलेंही नाहीं.