कानाची शाळा

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळांची दारे बंद झाली. ज्या घरी स्मार्टफोन होता, तेथे वर्ग कसाबसा चालू राहिला. परंतु नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळांत जाणाऱ्या हजारो मुलांच्या घरी तो नव्हता. त्यांच्यासाठी त्याच वर्षी जूनमध्ये नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ या सामुदायिक केंद्राने तिसरीपासून दहावीपर्यंतचे पाठ ऐकविण्यास आरंभ केला. सुमारे १५० शिक्षकांनी ते पाठ ध्वनिमुद्रित केले. त्यांत इंग्रजीचेही होते. इगतपुरी तालुक्यात तर मुलांना ४५१ रेडिओसंच देण्यात आले.

इतर विषयांचे राहू द्या. इंग्रजीच्या बाबतीत मात्र या जुन्या साधनाने एक मोठे काम केले. मराठी मुलास ही भाषा आधी फळ्यावर भेटते, कानावर मागाहून पडते. आणि तिचे लेखन तर भारीच फसवे! ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे ‘टफ’मध्ये ‘अफ’ होतात, ‘थ्रू’मध्ये नुसता ‘ऊ’ होतात, आणि ‘कॉफ’ म्हणजे खोकला, त्यात तिसरेच रूप घेतात. निदान खोकल्याने तरी सरळ वागावयास हवे होते! रेडिओवर अक्षरे दिसतच नाहीत. शब्द येतो तो आपल्या खऱ्या नादासह.

तथापि, कानाने टिपलेले सारेच जिभेवर उतरते असे नाही. पश्चिम दिशेचा ‘वेस्ट’ आणि अंगात घालावयाच्या बंडीचा ‘व्हेस्ट’ मराठी जिभेला सारखेच. पहिल्यात ओठांचा चंबू होतो. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठास हलकेच टेकतात. वर्गात गुरुजी आपले ओठ दाखवितात, मुलाचे पाहतात, पुन्हा म्हणावयास लावतात. रेडिओस ओठ नाहीत; आणि त्याहून मोठी उणीव ही, की त्यास कान नाहीत. हजारो घरांशी बोलणारा तो संच एकाही मुलाचे उत्तर ऐकत नाही.

म्हणूनच रेडिओवरून भाषा शिकविणाऱ्यास एक वाक्य म्हणून झाले की क्षणभर थांबावे लागते. ती रिकामी जागा मुलाची. इगतपुरीच्या पावसात, पत्र्यावर सरी वाजत असता, एखादी मुलगी त्या जागेत मोठ्याने ‘वेस्ट’ म्हणाली असेल. ती दिशा होती की बंडी, हे शेजारी बसलेल्या आजीस कसे उमगावे? आणि शिक्षकांचा आवाज तर तोवर पुढच्या वाक्यावर गेलेला.